घोड्याचा गुडघा कुठे असतो?

[दृश्य: घोडा सावकाश चालतोय. कॅमेरा फक्त मागच्या पायावर.]

हा पाय नीट बघा. मधोमध एक सांधा आहे, मागच्या बाजूला टोक काढलेला. कुणालाही विचारा, उत्तर हेच येतं की हा घोड्याचा गुडघा आणि तो उलटा वाकतो.

ती टाच आहे.

गुडघा त्याच्या बराच वर आहे, पोटाच्या कडेला, स्नायू आणि कातडीत लपलेला. तो आपल्या गुडघ्यासारखाच पुढे तोंड करून असतो. टाचेखालचं लांब हाड म्हणजे आपल्या तळपायातलं हाड. अगदी खाली जो खूर दिसतो, तो एका बोटाचं नख. प्रत्येक पायाला एक बोट, आणि अशा चार बोटांच्या टोकांवर ४०० ते ५०० किलोंचं जनावर आयुष्यभर उभं राहतं, धावतं, उभ्याउभ्याच डुलकीही काढतं. गाय, म्हैस, शेळी दोन बोटांवर चालतात. कुत्रा आणि मांजर बोटांवर चालतात, टाच कायम उचललेली. अस्वल मात्र आपल्यासारखी टाच टेकवतं.

[दृश्य: कुत्र्याच्या मागच्या पायावरून फिरणारा हात. सूज आलेला सांधा.]

मी पशुवैद्यकीय सहायक म्हणून काम सुरू केलं, तेव्हा पहिल्याच महिन्यात डॉक्टरांना फोनवर सांगितलं होतं, "कुत्रा लंगडतोय, मागचा गुडघा सुजलाय." ते गुडघ्यातला अस्थिबंध तुटला असेल असं धरून आले. एक्स-रेची तयारी गुडघ्याची झाली. कुत्र्याला आडवं केलं, पाय ताणून धरला, आणि मग लक्षात आलं की सूज टाचेच्या सांध्यावर आहे. सगळी मांडणी बदलून त्याला दुसऱ्यांदा आडवं करावं लागलं. दुखरा पाय पुन्हा ओढला तेव्हा तो ज्या आवाजात कण्हला, तो मी विसरलेले नाही. त्याच संध्याकाळी वहीत तीन शब्द लिहिले. स्टायफल म्हणजे मागच्या पायाचा गुडघा. हॉक म्हणजे टाचेचा सांधा. आणि कार्पस म्हणजे पुढच्या पायातलं मनगट, ज्याला घोडा सांभाळणारे सर्रास गुडघा म्हणतात.

जनावराचं शरीर शिकताना पहिली अडचण आपलंच शरीर असतं. नकळत आपण ते त्याच्यावर चढवून बघतो.

[दृश्य: उभी गाय, बाजूने. अंगावर खडूने बाण काढले जातात.]

दिशांचंच घ्या. माणूस दोन पायांवर उभा, म्हणून त्याचं "वर" डोक्याकडे. गाईचं डोकं पुढे आणि पोट खाली. "जखम पाठीवर, जरा वरच्या बाजूला आहे" असं कुणी सांगितलं, तर ती मानेकडे समजायची की कण्याजवळ? आणि तीच गाय आडवी पडली, की "वर" कुठे गेलं?

म्हणून दिशांची नावं जमिनीवरून ठरवलेली नाहीत, शरीरावरूनच ठरवली आहेत. डोक्याकडे जाणारी दिशा क्रेनियल, शेपटीकडची कॉडल. पाठीची बाजू डॉर्सल, पोटाची व्हेंट्रल. शरीराच्या मध्यरेषेकडे ते मीडियल, बाहेरच्या कडेला ते लॅटरल. पायावर धडाच्या जवळचं ते प्रॉक्सिमल, खुराकडचं किंवा पंजाकडचं ते डिस्टल. खुद्द डोक्यावर "डोक्याकडे" म्हणण्यात अर्थ नाही, तिथे नाकाच्या दिशेला रोस्ट्रल म्हणतात. जनावर उभं असो, पालथं असो, उताणं असो, हे शब्द हलत नाहीत. पशुशरीराच्या नावांची आंतरराष्ट्रीय यादी पहिल्यांदा १९६८ साली छापली गेली, तेव्हापासून जगभरचे पशुवैद्य एकमेकांचं लिहिलेलं त्याच अर्थाने वाचू शकतात.

एक्स-रेच्या खोलीत हेच शब्द दोन अक्षरांत येतात. व्हीडी म्हणजे किरण पोटाकडून शिरून पाठीकडून बाहेर, म्हणजे जनावर उताणं. डीव्ही म्हणजे उलट, जनावर पोटावर. दम लागलेल्या कुत्र्याला उताणं करणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी डीव्ही म्हटलं आणि सहायकाने व्हीडी ऐकलं, तर काय होईल ते तुम्हीच बघा.

आणि डावं-उजवं नेहमी जनावराचं. गाय तुमच्याकडे तोंड करून उभी असली, तर तिची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते.

[दृश्य: कास, जवळून. एकेका सडावर बोट ठेवलं जातं.]

कासेपाशी ही चूक सहज होते. गाईला चार सड आणि आत चार स्वतंत्र भाग, ज्यांना क्वार्टर म्हणतात. एका भागातलं दूध दुसऱ्यात जात नाही. डावा पुढचा सड सुजलाय, दुधात गुठळ्या येताहेत, आणि नोंद झाली "उजवा पुढचा", तर औषधाची नळी निरोगी सडात रिकामी होते आणि आजारी सड तसाच राहतो. शेळीला आणि घोडीला दोनच सड, तिथे गोंधळ कमी.

[दृश्य: गाय बसून रवंथ करतेय. डाव्या भकाळीची हालचाल.]

गाईला चार पोटं असतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. पोट एकच आहे, कप्पे चार. पहिला रुमेन, म्हणजे कोटीपोट. पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू त्याने व्यापलेली असते, आणि मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. अब्जावधी सूक्ष्मजीव तिथे चारा आंबवत असतात. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळगीवर, मूठ दाबून धरा. निरोगी गाईचं कोटीपोट मिनिटाला एक-दोनदा मुठीला उचलतं. हे मुठीखाली जाणवायला लागलं, की पुस्तकातलं चित्र कायमचं बसतं. जाणवायचं थांबलं, तर डॉक्टरांना तेवढं एक वाक्यही पुरतं.

दुसरा कप्पा रेटिक्युलम, आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. तो सगळ्यात पुढे, श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, लागून असतो, आणि श्वासपटलापलीकडे थोड्याच अंतरावर हृदय. गाय चारा चघळून निवडत बसत नाही, भराभर गिळते. त्यातून तारेचा तुकडा किंवा खिळा गेला, की तो या कप्प्यात येऊन पडतो. कप्पा आकुंचन पावतो तसा तो पुढे टोचत जातो, कधी हृदयाच्या आवरणापर्यंत. अशी गाय पाठीला बाक काढून, कोपरं बाहेर फाकवून उभी राहते, उताराला जायला नको म्हणते. हे कुठल्याही यंत्राआधी सहायकाला दिसू शकतं.

तिसरा ओमॅसम, पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असलेला, पाणी शोषून घेणारा. चौथा ॲबोमॅसम, आपल्या जठरासारखा आम्ल पाझरणारा. नुकत्या जन्मलेल्या वासरात हा चौथाच सगळ्यात मोठा असतो आणि दूध एका पन्हाळीतून थेट त्यात उतरतं. चारा सुरू झाला की कोटीपोट वाढतं.

आता त्या आंबवण्यातून सतत गॅस तयार होतो आणि गाय तो ढेकरेवाटे सोडत राहते. ती बराच वेळ एका कुशीवर सपाट पडली, तर अन्ननलिकेचं तोंड पोटातल्या पातळ मालाखाली बुडतं. ढेकर अडते, पोट फुगतं, फुगलेलं पोट फुप्फुसांना दाबतं. म्हणून कागदावर "स्टर्नल ठेवा" लिहिलेलं असेल, तर गाईला उरावर बसतं करायचं, अंगाला पेंढ्यांचा नाहीतर पोत्यांचा टेकू द्यायचा आणि ती कलंडत नाही ना हे बघत राहायचं. जनावर कसं ठेवायचं हे सांगताना लॅटरल म्हणजे कुशीवर, स्टर्नल म्हणजे उरावर. गाय वाचणार की नाही, हे कधीकधी एवढ्यावर ठरतं.

घोड्याची गत वेगळी. त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, आणि जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट की त्याला उलटी होत नाही. पोट दुखायला लागलं की तो लोळतो, कुशीकडे वळूनवळून बघतो. त्या दुखण्याला कॉलिक म्हणतात आणि तिथे वाट बघत बसायचं नसतं.

पक्ष्यांना श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच हवा आत-बाहेर होते. पोपट निसटू नये म्हणून छातीभोवती मूठ आवळली, तर चोच आणि नाकपुड्या मोकळ्या असूनही तो गुदमरतो.

[दृश्य: केसपेपर. त्यावर घाईत लिहिलेले शब्द.]

आता हे लांबलचक शब्द. ते तोडून वाचायचे. शेवटी "आयटिस" दिसलं की दाह. मॅस्टायटिस म्हणजे कासदाह, पशुपालक ज्याला दगडी म्हणतात तो. मेट्रायटिस गर्भाशयाचा दाह, हेपॅटायटिस यकृताचा. सुरुवातीला "सिस्टो" असलं तर बहुतेक वेळा मूत्राशय. सिस्टोसेंटेसिस म्हणजे सुईने मूत्राशयातली लघवी काढणं. सिस्टोटॉमी म्हणजे मूत्राशय उघडणं, बहुधा खडा काढायला. सिस्टेक्टॉमी म्हणजे मूत्राशयच कापून काढणं. पुढचा भाग तोच, शेपटाने अर्थ कुठल्या कुठे गेला.

"हायपो" आणि "हायपर" फोनवर सारखेच ऐकू येतात. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर घसरलेली, हायपरग्लायसेमिया म्हणजे चढलेली. साखर घसरलेल्या कुत्र्याला इन्सुलिन गेलं तर तो मरू शकतो. मी नेहमी मराठीतही म्हणते, "हायपो, म्हणजे कमी." पलीकडून "हो, कमी" ऐकल्याशिवाय फोन ठेवत नाही. "एसआयडी"चंही तसंच. दिवसातून एकदा, हा अर्थ पशुवैद्यकात चालतो, पण माणसांच्या औषधांचं काम करणाऱ्यांना तो ओळखीचा नसतो, आणि वाईट अक्षरात त्याचा "बीआयडी", म्हणजे दोनदा, होऊन बसतो. सरळ "दिवसातून एकदा" लिहावं.

[दृश्य: पिंजऱ्यातला बोका. पुन्हापुन्हा जोर करतोय.]

सहायकाला दोन भाषा लागतात, आणि मला दुसरी पहिलीइतकीच मोलाची वाटते. ती पशुपालकाची. "तिसऱ्या वेताची आहे, कालच व्याली, जार पडली नाही, पान्हा सोडत नाही." जार म्हणजे वासरामागून पडणारी वार. एवढ्याशा वाक्यात सगळी केस आहे. ती जशीच्या तशी उतरून घ्यायची, आपल्या शब्दांत सजवायची नाही.

पण कधी त्यांचा शब्द चुकीच्या दारात नेतो. "बोक्याला बद्धकोष्ठ झालंय, सकाळपासून जोर करतोय." तेव्हा विचारायचं, लघवी शेवटची कधी झाली? थेंब तरी येतोय का? ओरडतोय का? बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो तुंबला, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मालकाला दिसतो तो फक्त जोर. तो कुठल्या वाटेसाठी आहे, हे विचारून काढणं आपलं काम. कुत्र्याच्या "उलटी"चंही असंच. पोट आत खेचून, उबळ येऊन पडली तर ती उलटी. मान खाली घातली आणि काही श्रम न पडता घास जसाच्या तसा बाहेर आला, तर दोष जठरात नसून बहुतेक अन्ननलिकेत असतो.

तापमानाचं थोडक्यात. कुत्र्याचं साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, घोड्याचं ९९ ते १०१, कोंबडीचं १०५ ते १०७. आपल्याला १०२ म्हणजे ताप, मांजराला १०२ म्हणजे रोजचा दिवस. नाडी घोड्याची मिनिटाला २८ ते ४४, जबड्याच्या हाडाखाली सापडते. कुत्र्याची मांडीच्या आतल्या बाजूला, गाईची शेपटीच्या खालच्या बाजूला. हिरडी बोटाने दाबून सोडली, तर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पांढरी राहिली, निळसर दिसली, पिवळी दिसली, तर धावत जाऊन सांगा.

[दृश्य: टेबलावर कुत्री, पुढचा पाय लांब धरलेला. दोन माणसांचे हात. खोलीत शांतता.]

रक्त काढायचं आहे. सहायकाचा एक हात कुत्रीच्या गळ्याखालून, तिचं डोकं आपल्या खांद्याशी धरून. दुसऱ्या हाताची बोटं तिच्या कोपरामागे, आणि अंगठा कोपराच्या खळगीत आडवा. या पायाच्या पुढच्या अंगाने सेफॅलिक शीर वर जाते. शिरेतलं रक्त पंजाकडून हृदयाकडे चाललेलं असतं, म्हणून दाब सुई टोचायच्या जागेच्या प्रॉक्सिमल बाजूला हवा. खाली दाबलं तर शीर रिकामी.

शीर फुगत नाही. डॉक्टर नजर न उचलता म्हणतात, "जरा प्रॉक्सिमल, आणि लॅटरल वळव." अंगठा बोटभर वर सरकतो, कातडीसकट हलकेच बाहेरच्या बाजूला फिरतो. भादरलेल्या कातडीखाली एक निळसर दोरी उठून दिसते. कुत्री एकदा थरथरते. "बस, बस, झालंच हं बाळा." सुई आत जाते, सिरिंजच्या तोंडाशी गडद लाल ठिपका येतो, मग रक्त सावकाश भरू लागतं.

"सोड."

अंगठा उचलला जातो. मग सुई बाहेर, आणि त्या जागेवर कापसाचा बोळा दाबून, कुत्रीच्या कानामागे खाजवत, मिनिटभर तसंच थांबायचं.