पाच शनिवार

[दृश्य : साउथ बेंड, इंडियाना. दुपारचं कलतं ऊन. स्टेडियमच्या विटकरी भिंतीलगत चालणारी माणसं.]

७ सप्टेंबर २०२४. घड्याळात ३१ सेकंद उरले होते.

स्टेडियममध्ये माझ्या शेजारच्या जागेवर एक अमेरिकन आजी बसतात. बाकावर टाकायला घरून एक निळी उशी आणतात. सामना संपतो, खेळाडू विद्यार्थ्यांसमोर येऊन उभे राहतात, मगच ती उशी उचलली जाते. इतक्या वर्षांत यात कधी बदल झालेला मी पाहिला नाही. त्या दिवशी ३१ सेकंद बाकी असताना त्यांनी उशी काखेत घेतली आणि उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. समोर नॉर्दर्न इलिनॉयच्या कॅनन वुडिलनं ३५ यार्डांवरून मारलेला चेंडू दोन खांबांच्या बरोबर मधून गेला होता. नॉर्दर्न इलिनॉय १६, नोटर डेम १४.

मी नोटर डेम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा चाहता. शेजारच्या मिशावाका गावात राहतो, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर आमच्या घरातले शनिवार या संघाच्या तालावर चालतात. नाव मूळचं फ्रेंच, पण इथे कुणी 'नोत्र दाम' म्हणत नाही. सगळे 'नोटर डेम' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

आज मला त्या हंगामाच्या पहिल्या पाच शनिवारांबद्दल बोलायचंय. कारण पुढे संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि तेव्हापासून एक वाक्य मी सतत ऐकतो, की ती हार झाली म्हणून बरं झालं. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

[दृश्य : स्टेडियमचं हवाई चित्रण.]

कॉलेजचा संघ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आंतरमहाविद्यालयीन सामने येतात. मोकळी बाकं, टाळ्या वाजवायला चार मित्र. इथे घरच्या सामन्याला ७७ हजारांवर माणसं बसतात. आणि हा फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार संधी, नाहीतर चेंडू समोरच्याला. कोणती चाल खेळायची ती प्रशिक्षक बाहेरून कळवतात, पण चेंडू पहिल्यांदा येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात, आणि पुढचे तीन सेकंद सगळं त्याच्यावर. त्याला वाचवायला पुढे पाच आडदांड पोरांची फळी. हे एवढं लक्षात असलं की पुढचं सगळं समजतं.

२०२४ मध्ये आमचा क्वार्टरबॅक नवीन होता. रायली लेनर्ड. आदल्या वर्षी तो ड्यूक विद्यापीठाकडून आमच्याविरुद्ध खेळला होता आणि त्याच सामन्यात अगदी शेवटी त्याचा घोटा दुखावला होता. नंतर शस्त्रक्रिया झाली, आमच्याकडे आला तरी वसंत ऋतूतल्या सरावाचा बराचसा भाग त्याला बाहेर बसावं लागलं. पुढची फळीही कोवळी. डावा टॅकल म्हणजे क्वार्टरबॅकची पाठ राखणारा खेळाडू. त्या जागेसाठी ठरलेला चार्ल्स जगुसा ऑगस्टमध्येच जायबंदी झाला, आणि तिथे अँथनी नॅप उभा राहिला. पहिल्या वर्षाचा मुलगा, नुकता शाळेतून आलेला.

अशा संघाला पहिलाच सामना टेक्सस ए अँड एमच्या घरी.

[दृश्य : काइल फील्ड, कॉलेज स्टेशन. ३१ ऑगस्टची रात्र.]

एक लाखाहून जास्त लोक. त्या मैदानावर पाहुण्या संघाला आपल्याच खेळाडूची हाक ऐकू येत नाही. प्रतिस्पर्ध्यांचे नवे प्रशिक्षक माइक एल्को. लेनर्ड ड्यूकला असताना त्याला घडवणारे हेच. त्याच्यातलं काय कच्चं आहे ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार!

मध्यंतराला ६-६. मग १३-१३. आणि शेवटच्या काही मिनिटांत त्या कोवळ्या फळीनं ८५ यार्डांची चढाई करून दाखवली. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना चेंडू घेऊन पळणारा आमचा जेरेमाया लव्ह २१ यार्ड पळत शेवटच्या रेषेपलीकडे गेला. यालाच टचडाऊन म्हणतात. २३-१३ नं जिंकलो. मी रात्री साडेअकराला सांगलीला फोन लावला, तिकडे सकाळ होती, आणि भावाला म्हटलं, "दादा, यंदा काहीतरी होणार बघ."

जे दिसायला हवं होतं, ते मला त्या रात्री दिसलं नाही. लेनर्डनं ३० पास टाकले आणि मिळाले १५८ यार्ड. म्हणजे दर फेकीला पाच यार्डांच्या आसपास. एकही टचडाऊन पासवर नाही. दोन्ही टचडाऊन पळून आले, लव्हचा एक आणि जडेरियन प्राइसचा ४७ यार्डांचा एक. सामना बचावानं आणि पळणाऱ्यांनी जिंकून दिला होता. लांब पास टाकायची धमक संघात दिसलीच नव्हती. विजय झाला की असल्या गोष्टी झाकल्या जातात.

पुढच्या शनिवारी झाकण उडालं.

[दृश्य : ७ सप्टेंबर, नोटर डेम स्टेडियम. सोनेरी हेल्मेटांवर ऊन.]

नॉर्दर्न इलिनॉय हे डीकाल्ब गावचं विद्यापीठ. मोठ्या विद्यापीठांच्या पंगतीत त्यांचं पान नसतं. अशा संघांना मोठी विद्यापीठं पैसे देऊन बोलावतात. आम्ही १४ लाख डॉलर दिले होते. आम्ही देशात पाचवे. सट्टेवाल्यांच्या हिशेबानं आम्ही २८ गुणांनी जिंकायला हवं होतं. आणि त्यांच्या इतिहासात पहिल्या दहातल्या संघाला त्यांनी कधीच हरवलेलं नव्हतं.

सुरुवात ठरल्यासारखी झाली. पहिला टचडाऊन आमचा. मग त्यांच्या अँटारियो ब्राउननं एक साधा पास घेतला आणि ८३ यार्ड पळत सुटला. स्टेडियममध्ये अशा वेळी जो आवाज होतो तो ओरडा नसतो, हजारो माणसांनी एकदम श्वास आत घेतल्याचा आवाज असतो. मध्यंतराला आम्ही १३-७ नं मागे.

तिसऱ्या सत्रात लव्ह ३४ यार्ड पळाला. १४-१३. आमच्याकडे पुन्हा आघाडी आली.

आता माझं म्हणणं नीट ऐका, कारण त्या दिवसाचं सगळं दुखणं इथे आहे. लव्ह पळतोय तेव्हा समोरच्यांना तो सापडत नाहीये. तरी पूर्ण सामन्यात त्याच्या हाती चेंडू डझनभर वेळाही दिला गेला नाही. लेनर्डकडून मात्र ३२ पास टाकून घेतले. सहा मिनिटं उरलेली, आपण एका गुणानं पुढे, आणि आपण लांबचा पास टाकतो. तो त्यांच्या अमेरियन नाइटननं झेलला. त्या दिवशी लेनर्डचा दुसरा पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला होता.

मग त्यांनी जे केलं ते बघताना, आमचा संघ हरत असूनही, मला त्यांचं कौतुक वाटलं. घाई नाही, हिरोगिरी नाही. पाच मिनिटांहून जास्त वेळ चेंडू स्वतःकडे ठेवला, थोडं थोडं सरकत राहिले, घड्याळ खाल्लं आणि मग वुडिलला मैदानात पाठवलं. पुढचं तुम्हाला सांगितलंच. अगदी शेवटी आमच्या मिच जेटरनं ६२ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारायचा प्रयत्न केला. याला फील्ड गोल म्हणतात, त्याचे तीन गुण. केड हॅबरमननं तो अडवला. मध्यंतरापूर्वीचा आमचा एक फील्ड गोलही त्यानंच अडवला होता. दोन गुणांनी हरलेल्या सामन्यात तेच तीन गुण गेले.

त्यांचे प्रशिक्षक थॉमस हॅमक कधीकाळी त्याच विद्यापीठाकडून खेळलेले. मैदानावर मुलाखत देताना त्यांना रडू आवरेना. घरी येऊन ती मुलाखत मी दोनदा बघितली. आजही त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

[दृश्य : रिकामं होत चाललेलं स्टेडियम.]

ही हार एवढी का लागली? एक तर हे पहिल्यांदा घडत नव्हतं. मार्कस फ्रीमन मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिला पूर्ण हंगाम खेळवत होते तेव्हा, सप्टेंबर २०२२ मध्ये, मार्शलनं आम्हाला याच मैदानावर २६-२१ नं हरवलं होतं. २०२३ च्या सप्टेंबरात ओहायो स्टेटविरुद्ध शेवटच्या क्षणी आमचे अकराऐवजी दहाच खेळाडू मैदानात होते आणि सामना १७-१४ नं गेला. फ्रीमन मला मनापासून आवडतात. पोरं त्यांच्यासाठी जीव टाकतात. पण तिसऱ्या वर्षीही सप्टेंबरात तीच ठेच लागली, तेव्हा मला राग आला होता, आणि तो खोटा नव्हता.

दुसरं कारण नियमातलं. नोटर डेम फुटबॉलमध्ये कोणत्याही गटात खेळत नाही, स्वतंत्र आहे. बाकीच्यांना एखादी हार झाली तरी गटविजेतेपद मिळवून प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, जायची वाट उरते. आमच्याकडे ती वाटच नाही. बारा सामने हीच काय ती शिदोरी. पाचव्या क्रमांकावरून आम्ही अठराव्यावर घसरलो, आणि पुढचे दहाही सामने जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

[दृश्य : १४ सप्टेंबर, वेस्ट लाफायेट.]

तिसरा शनिवार पर्ड्यूच्या घरी. माझा भाचा तिथे शिकतो. पर्ड्यूला मराठी पोरं खूप; पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर स्टीलच्या डब्यात थालीपीठं उघडली होती आणि भोवती सगळे त्यांच्या काळ्या-सोनेरी टीशर्टांत. हिरव्या टोपीतला मी एकटा.

पहिल्या काही मिनिटांतच कळलं की काय बदललंय. लेनर्ड पळत होता. आधीच्या दोन सामन्यांत त्याला खांबासारखं उभं करून पास टाकायला लावत होते. खरं तर त्याचं बळ पायांत. उंचापुरा, धिप्पाड गडी. पडतानाही दोन यार्ड पुढे पडतो. त्या दिवशी पहिल्या अर्ध्यातच तो १०० यार्ड पळाला आणि तीन टचडाऊन केले. आणि तो स्वतः पळू शकतो म्हटल्यावर बचावाला लव्हकडे बघायचं की त्याच्याकडे, हेच कळेना. लव्हला वाट मिळाली, प्राइसला वाट मिळाली. मध्यंतराला ४२-०. भाचा हळूच म्हणाला, "मामा, निघायचं का?" मी म्हटलं, "तुझी पोरं खेळतायत ना अजून? बसायचं." शेवटी ६६-७.

पण त्या विजयाची किंमत मोजावी लागली. पुढच्या फळीत मधोमध, सेंटरला खेळणारा ॲश्टन क्रेग आणि बचावातला जॉर्डन बोटेल्हो, दोघांचेही गुडघे गेले, दोघांचाही हंगाम संपला.

चौथ्या शनिवारी ओहायोतल्या मायामी विद्यापीठाला २८-३ नं हरवलं. लेनर्ड १४३ यार्ड पळाला. आणि चौथ्या सामन्यात, हो, चौथ्या, त्याचा या संघासाठीचा पहिला टचडाऊन पास आला; बो कॉलिन्सनं झेलला. आमच्या रांगेत लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. पाचव्या शनिवारी लुइव्हिल आलं, क्रमवारीतला संघ, आणि ३१-२४ असा घाम काढणारा विजय मिळाला. तिथे बचावातल्या बूबाकार त्राओरेचा गुडघा गेला.

[दृश्य : गुणफलकावर पाच सामन्यांचे निकाल.]

सप्टेंबर संपला तेव्हा चार विजय, एक हार. पाच सामन्यांत आमच्या बचावानं दिलेले गुण बघा : १३, १६, ७, ३, २४. सरासरी तेरासुद्धा नाही. एवढा बचाव हाताशी असताना हरणं, याची जबाबदारी आक्रमणाच्या आखणीची, असं मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो. आक्रमणाचे सूत्रधार माइक डेनब्रॉक जाणकार आहेत. आदल्या वर्षी लुइझियाना स्टेट विद्यापीठात त्यांच्याच आखणीत क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सला हाइझमन चषक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाला होता. पण लेनर्ड हा डॅनियल्स नव्हता. त्याच्या पायांवर आक्रमण उभं करायला दोन सामने लागले, आणि त्यातला एक गेला.

म्हणून ते 'हरलो ते बरं झालं' मला टोचतं. जी दुरुस्ती झाली ती कामाची होती, मोजता येणारी होती. लेनर्डला पळू दिलं, लव्हच्या हाती चेंडू दिला. ती टेक्ससमधल्या आमच्या विजयानंतरच्या सोमवारीही करता आली असती. तिला हार लागत नव्हती. लेनर्डचे तिथले ते १५८ यार्ड डोळे उघडायला पुरेसे होते.

यावर माझे मित्र प्लेऑफचा तक्ता काढतात, आणि त्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. उरलेले सामने जिंकून ११-१ असा हंगाम झाला आणि आम्हाला सातवं मानांकन मिळालं. सगळे बारा जिंकलो असतो तर बहुधा पाचवं मिळालं असतं. त्या वाटेवर क्लेमसन, मग ॲरिझोना स्टेट आणि मग उपांत्य सामन्यातच ओहायो स्टेट. सातव्याच्या वाटेवर इंडियाना, जॉर्जिया, पेन स्टेट. आणि ओहायो स्टेट थेट अंतिम फेरीत. तिथे २० जानेवारी २०२५ ला अटलांटात आम्ही ३४-२३ नं हरलोच. म्हणजे गाठ त्यांच्याशीच पडणार होती. फरक एवढाच की जॉर्जियासारख्या बलाढ्य संघाशी झुंजून, वाटेत आणखी माणसं गमावून आम्ही तिथे पोचलो.

[दृश्य : २० डिसेंबरची रात्र. तोंडातून निघणारी वाफ.]

तरी त्या सप्टेंबरचं नाव काढलं की मला एक रात्र आठवते. विद्यापीठाच्या आवारात झालेला पहिलावहिला प्लेऑफ सामना आमच्या स्टेडियममध्ये झाला, इंडियानाविरुद्ध. कडाक्याची थंडी. चेंडू आमच्याच रेषेपासून दोन यार्डांवर अडकलेला. आजी दोन ब्लँकेटं गुंडाळून बसल्या होत्या, उशी खाली होतीच. मी त्यांना म्हटलं, "आता लव्हला देतील." त्या म्हणाल्या, "द्यायलाच हवा."

दिला. आमची फळी अर्ध्या पावलानं सरकली, एक फट पडली, आणि तो ९८ यार्ड पळाला.