आधी सायडर आटवा, मग बोर्बन ओता

सगळ्यांसमोर दोन-दोन छोटे ग्लास आलेत ना? मागच्या रांगेत पोचले का? बरं. अजून पिऊ नका, आधी नुसता वास घ्या दोन्हींचा. ज्यांनी घेत नाही म्हणून सांगितलं होतं त्यांच्या ग्लासात बोर्बन, म्हणजे मक्यापासूनची अमेरिकन व्हिस्की, नाहीये, त्यांनी निर्धास्त राहा, पण चाखा तुम्हीही कारण आजचा मुद्दा तुम्हालाही तेवढाच लागू आहे.

आता डावीकडचा एक घोट घ्या. थांबा जरा, तोंडात फिरवा. आता उजवीकडचा.

डावीकडचा पातळ लागला, हो ना? सुरुवातीला गोड, मग थोडी दारू, आणि शेवटी पाणी. उजवीकडच्यात सफरचंद शेवटपर्यंत टिकतं. दोन्हीत बोर्बन एकाच बाटलीतली, सायडर, म्हणजे सफरचंदाचा ताजा रस, एकाच कॅनमधलं, तेही आज सकाळी आणलेलं. फरक एवढाच की उजवीकडच्या ग्लासात थोडं सायडर आटवून घातलंय. मला आज खरं म्हणजे हेच सांगायचंय, बाकी सगळं त्याच्या अवतीभवती आहे.

बघा, ताज्या सायडरमध्ये साखर असते साधारण ११-१२ टक्के, बाकी जवळजवळ सगळं पाणीच. आता तुम्ही ६० मिली बोर्बन घेतली, ८० प्रूफ म्हणजे ४० टक्केवाली, त्यात १५० मिली सायडर ओतलं, वरून बर्फ टाकला आणि गप्पा मारत बसलात की १० मिनिटांत ५० मिली पाणी बर्फाचंच उतरतं. आता हिशोब करा, २४ मिली अल्कोहोल २६० मिलीत, म्हणजे ९ टक्के. दारूचं एक वेळ जाऊ द्या, पण सफरचंदाची चवही त्याच पाण्यात पसरते ना, आणि ती मुळात नाजूक, ती हरते. मग लोक काय करतात, साखर घालतात, मेपल सिरप, म्हणजे मेपल झाडाच्या रसाचा पाक, घालतात, दालचिनीची पूड भुरभुरतात, आणि शेवटी ग्लासात दालचिनीचं गोड पाणी उरतं. ऑक्टोबर आला की अमेरिकेत जिथे तिथे हे ड्रिंक मिळतं आणि बहुतेक ठिकाणी असंच मिळतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण दोन्ही वस्तू इतक्या चांगल्या आहेत.

शब्दाचं एक बोलून घेतो, नाहीतर गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये सायडर म्हटलं की आंबवलेलं, दारू असलेलं. अमेरिकेत नुसतं सायडर म्हटलं की ताजा पिळलेला, न गाळलेला, गढूळ तपकिरी रस, त्यात अल्कोहोल नाही. आंबवलेलं हवं असेल तर हार्ड सायडर म्हणायचं. आणि अ‍ॅपल ज्यूस वेगळा, तो गाळून पारदर्शक केलेला, आपल्या कामाचा नाही. कारण तो गढूळपणा म्हणजे सफरचंदाचा गर आणि पेक्टिन, म्हणजे फळातला घट्टपणा आणणारा पदार्थ, ड्रिंकला जो दाटपणा येतो तो त्यातूनच येतो.

सायडर आटवायचं हे कळायला मला एका ऑर्चर्डवर, सफरचंदाच्या बागेत, जावं लागलं. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, सप्टेंबरपासून लोक सफरचंदं तोडायला जातात, तसाच गेलो होतो, आणि शेडमध्ये रस काढायचा जुना प्रेस चालू होता. आधी सफरचंदं देठासकट दळतात, तो लगदा जाड कापडात ओततात, कापडाच्या चारही बाजू आत दुमडतात, वर लाकडी फळ्यांची जाळी, मग पुन्हा कापड, पुन्हा लगदा, असे सात-आठ थर रचले. आणि मी बघत होतो तर प्रेस अजून खाली आलाही नव्हता तरी कापडाच्या कडांमधून रस झरायला लागला होता, नुसत्या वरच्या थरांच्या वजनाने. गांधीलमाश्या घोंघावतायत, खाली चोथ्याचा ढीग, आणि वास असा की भूक लागावी. प्रेस चालवणाऱ्या आजोबांनी एक बरणी उघडली आणि चमचाभर काळसर पाक माझ्या हातावर ओतला. काकवीसारखा दिसत होता. चाटला तर आंबट! गोड आहेच, पण आधी आंबट, मग करपट गोड, मग सफरचंद, आणि ते जीभ सोडेचना. तिकडे याला बॉइल्ड सायडर म्हणतात, न्यू इंग्लंडची जुनी पद्धत आहे, सात गॅलन सायडर आटवून एक गॅलन करायचं, साखरेचा कणही घालायचा नाही. पाय नावाच्या भाजलेल्या गोड पदार्थात घालतात, बेक केलेल्या बीन्समध्ये घालतात. मी मात्र तिथे उभ्या उभ्या बोर्बनचाच विचार करत होतो.

ही जोडी काही नवीन नाही बरं का. १८६२ मध्ये जेरी थॉमस या न्यूयॉर्कच्या बारटेंडरचं कॉकटेल्सचं पुस्तक आलं, त्यात स्टोन फेन्स नावाचं ड्रिंक आहे, एक वाइनग्लास बोर्बन, म्हणजे त्या काळचं माप, साधारण ६० मिली, बर्फाचे दोन-तीन छोटे खडे, आणि वरून ग्लास भरून गोड सायडर. बस. त्याच्याही आधी हेच नाव रम आणि हार्ड सायडरच्या मिश्रणाला होतं. तुमचा डावीकडचा ग्लास म्हणजे जवळपास तोच स्टोन फेन्स. चव साधी आहे, सरळ आहे, आणि सायडर जबरदस्त असेल तर अजूनही चालतो. पण आजकाल मिळणारं सायडर बरेचदा गोड खायच्या सफरचंदांचं असतं, त्यात आंबटपणा आणि तुरटपणा कमी, म्हणून त्याला मदत लागते.

तर आता आटवायचं कसं. एक लिटर सायडर घ्या, रुंद पातेलं घ्या, स्टीलचं, साधं अ‍ॅल्युमिनियमचं नको कारण आंबट रस त्याला लागतो आणि चव बिघडते. एक युक्ती सांगतो, आधी पातेल्यात २५० मिली पाणी मोजून ओता, त्यात लाकडी चमचा उभा धरा, पाणी जिथपर्यंत आलं तिथे पेन्सिलीने खूण करा, मग पाणी फेकून द्या. सायडर आटत आटत त्या खुणेवर आलं की गॅस बंद. पाऊण तास ते एक तास लागतो. उकळी आली की वर तपकिरी फेस येतो तो काढून टाका आणि मग मध्यम आच. पहिला अर्धा तास तुम्ही दुसरं काही करू शकता, पण शेवटची दहा मिनिटं तिथून हलायचं नाही, तेव्हा बुडबुडे बदलतात, आधी मोठे आणि फुटके असतात ते बारीक आणि चिकट होतात, आणि त्यानंतर बुडाला लागायला वेळ लागत नाही. एकतारीपर्यंत न्यायचं नाही हां, त्याच्या बरंच आधी थांबायचं, गार झाल्यावर अजून घट्ट होतं. चौथाई उरलं म्हणजे साखर गेली ४५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बारमध्ये जे साधं साखरेचं सिरप वापरतात त्याच्या जवळ, फक्त हे सगळं सफरचंदाचं, आणि आंबटपणाही चौपट झालेला. सफरचंदाला आंबट करणारं मॅलिक अ‍ॅसिड उडून जात नाही ना, पाणीच जातं. फ्रीजमध्ये दोन आठवडे आरामात राहतं.

मग कोणी म्हणेल, सगळंच आटवलेलं घाला की. नाही. ताज्या सायडरला जो वास असतो, कापलेल्या सफरचंदाचा, तो उकळताना उडतो. आटवलेल्यात अंग आहे, चव आहे, पण तो ताजेपणा गेला. म्हणून दोन्ही लागतात. मी दोन-तीन सीझन वेगवेगळी प्रमाणं करून पाहिली आणि शेवटी इथे येऊन थांबलो: ६० मिली बोर्बन, ४५ मिली ताजं सायडर, २० मिली आटवलेलं, १५ मिली लिंबाचा रस, अँगोस्टुरा बिटर्सचे, म्हणजे कडू मसालेदार अर्काचे, दोन शिंतोडे आणि मिठाची अगदी एक चिमूट. मेपल सिरप नाही. मला मेपल आवडतं, पण या ग्लासात ते सफरचंदाच्या अंगावर बसतं. मीठ मात्र टाळू नका, खारट लागणार नाही इतकंच, त्याने कडवटपणा दबतो आणि फळ पुढे येतं.

आता बोर्बन कुठली. खूप लोकांचा समज आहे की केंटकीची असली तरच बोर्बन, तसं नाहीये, अमेरिकेत कुठेही बनली तरी चालते, फक्त दाण्यात निदान ५१ टक्के मका हवा, आणि ती आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात ठेवायला हवी. रंग, साखर, वास काहीही वरून घालायला परवानगी नाही. त्यामुळे तुम्हाला जो व्हॅनिला लागतो, कॅरॅमल लागतं, ते सगळं त्या जळक्या लाकडातून आलेलं असतं, लाकडातल्या साखरा आचेने करपतात आणि लिग्निन नावाचा लाकडातला घटक तुटून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारा पदार्थ, तयार होतं. आणि आपणही सायडर आटवताना आचेवर साखर थोडी करपवलीच की! म्हणून दोघांचं जमतं. दालचिनीमुळे जमतं, ही एक समजूत मोडायला हवी.

दुकानात गेल्यावर दोन गोष्टी बघा. एक, प्रूफ. ८० प्रूफची या ड्रिंकमध्ये हरवते, १०० च्या आसपासची घ्या. लेबलवर बॉटल्ड इन बॉन्ड दिसलं तर डोळे झाकून घ्या, १८९७ चा कायदा आहे त्याच्यामागे, एकाच डिस्टिलरीची, एकाच सीझनची, सरकारी देखरेखीतल्या गोदामात कमीत कमी चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर १०० प्रूफ, म्हणजे ५० टक्के. आणि या बाटल्या महाग असायलाच हव्यात असं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मक्याच्या जोडीला काय आहे. राय, म्हणजे गव्हासारखं एक धान्य, जास्त असेल तर मिरीसारखी तिखट झाक येते, गहू असेल तर मऊ आणि गोडसर. नुसती प्यायला मला गव्हाची आवडते, पण इथे राय हवी, सायडरच्या गोडव्याला कोणीतरी अडवायला पाहिजे. आणि दहा-बारा वर्षांची जुनी बाटली कृपा करून यात ओतू नका, इतक्या वर्षांचं लाकूड लिंबापुढे टिकत नाही आणि पैसेही वाया.

शेक करायचं की ढवळायचं असं कोणीतरी चिठ्ठीत विचारलंय. फळाचा रस आहे, शेक करायचं. शेकर बर्फाने भरा, बारा-पंधरा सेकंद जोरात, हाताला शेकर झोंबायला लागला की झालं. सायडर गढूळ असल्यामुळे वर छान फेस येतो, गाळून ओता, ग्लासात एकच मोठा बर्फाचा तुकडा. छोटे खडे टाकलेत तर पुन्हा पाण्याची तीच कथा. वरती सफरचंदाची एक पातळ चकती, आणि हवं असेल तर जायफळ किसून, पण दोनदाच किसणी फिरवा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. हे ड्रिंक सोळा-सतरा टक्क्यांचं होतं आणि पिताना तसं अजिबात जाणवत नाही, सफरचंद सगळं झाकतं. अमेरिकेत एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ८० प्रूफच्या हिशोबाने ४४ मिली. आपण १०० प्रूफची ६० मिली घातली, म्हणजे एका ग्लासात जवळजवळ पावणेदोन ड्रिंक्स. पाहुण्यांना हे ग्लास हातात देतानाच सांगायचं, गाडीची किल्ली शोधताना नाही.

गरम करायचं असेल तर मात्र गणित बदलतं, कारण बर्फच नाही, मग पाण्याचा प्रश्नही नाही. एक लिटर सायडर, दालचिनीची एक काडी, लवंगा तीनच, आल्याचे दोन काप, संत्र्याची साल, आतला पांढरा भाग न घेता. सगळं अख्खं घाला, पूड घातलीत तर तळाला चिखल बसतो. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, थोडं आटतं तेवढंच पुरे. लवंग जास्त झाली की दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं, ती वेळेवर काढा. गॅस बंद करा आणि मग बोर्बन, मगमध्ये, पातेल्यात कधीच नाही, अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पातेल्यात ओतलीत तर काही वाफेवर जाईल आणि तो भपकारा नाकात बसेल तो वेगळा. १५० मिली सायडरला ४५ मिली बोर्बन पुरते. मुलांना आणि न पिणाऱ्यांना त्याच पातेल्यातलं देता येतं, हा मोठा फायदा. आणि थंड हवं असेल तर आटवलेलं सायडर, लिंबू आणि सोडा, तुमच्यापैकी काहींच्या उजव्या ग्लासात तेच होतं.

सायडर घेताना लेबल वाचा. पाश्चराइज न केलेलं, म्हणजे तापवून जंतू न मारलेलं, असेल तर बाटलीवर तसा इशारा असतो, लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर माणसं यांना ते कच्चं देऊ नका, उकळून द्या. पाश्चराइज न केलेल्याला चव जास्त जिवंत असते हे खरं, पण ते जिवंत असतंही. माझ्याकडे एकदा अर्धा कॅन फ्रीजमध्ये मागे राहिला, आठवड्याने बघतो तर कॅनचं बूड फुगून गोल झालेलं, ठेवला की डुगडुगायचा. झाकण सैल केल्यावर फुस्स झालं आणि रस जिभेला चुरचुरला, यीस्टने आपलं काम सुरू केलं होतं. असं झालं तर झाकण एकदम उघडू नका, बेसिनमध्ये धरून हळूहळू सैल करा. नुसती चुरचुर असेल, बुरशी किंवा घाण वास नसेल, तर मी त्या दिवशी जे केलं तेच करा, सगळं पातेल्यात ओता आणि खुणेपर्यंत आटवा.