बैठका सुरू केल्या आणि काटा वर गेला

श्रोतेहो, नमस्कार.

आहाराचा सल्ला देण्याचं काम मी कोल्हापुरात गेली अठरा वर्षं करते आहे. आज बोलताना माझ्यासमोर एक कागद ठेवलाय. भिंतीवरच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान. एका ताईंनी ते मला दिलं आणि तुम्हाला सांगायला परवानगीही दिली. नाव सांगणार नाही. पानावर प्रत्येक चौकटीत दोन नोंदी आहेत. वर दुधाचा हिशेब: दीड लिटर, दीड लिटर, एक, खाडा. आणि खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात सकाळचं वजन.

एक तारखेला ७८.४. आठ तारखेला ७७.२. चौदाला ७६.८. इथवर अक्षर कसं सुबक आहे. पंधराला त्यांनी घराजवळच्या व्यायामशाळेत नाव घातलं. सतरा तारखेच्या चौकटीत ७८.१ आहे आणि तो इतका दाबून लिहिलाय की पानाच्या मागं उमटलाय. अठराला ७८.३. एकोणीसच्या चौकटीत नुसती रेघ.

त्याच दिवशी त्या माझ्याकडे आल्या. खुर्चीवर बसताना हातांनी टेबलाचा आधार घेतला, इतक्या मांड्या दुखत होत्या. "म्याडम, भात सोडला, साखर सोडली, पोरं खात्यात आणि मी बघत बसतो. तरी दीड किलो वाढलं ओ! मला ते व्यायामाचं मानवत नाही. बंद करतो मी."

हे "बंद करतो मी" मी फार वेळा ऐकलंय, आणि बहुतेक वेळा व्यायामाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच. ज्या वेळी शरीर कामाला लागलेलं असतं, नेमकं त्याच वेळी माणूस सोडून देतो. म्हणून आज हा एकच विषय घेतलाय.

आधी हिशेब करू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. चार दिवसांत दीड किलो चरबी चढायची, तर रोजच्या गरजेच्या वर साडेअकरा हजार कॅलरी पोटात जायला हव्यात. एक मोठी भाकरी दोनशे कॅलरींची धरा. म्हणजे नेहमीचं जेवण जेवून वर साठ भाकरी. ताईंनी त्या खाल्लेल्या नव्हत्या. मग हे वजन होतं कशाचं? पाण्याचं.

पहिल्यांदा बैठका मारल्या की आपण म्हणतो, "मांड्या भरून आल्या." अगदी बरोबर शब्द आहे हा. सवय नसलेल्या स्नायूवर ताण आला की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ती दुरुस्त करायला शरीर तिथं रक्तपुरवठा वाढवतं आणि पाणी साठतं. दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं, आणि काटाही त्याच दिवसांत वर सरकतो.

दुसरं कारण पिष्टाच्या साठ्याचं. भात-भाकरीतून आलेली साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठवतं. स्नायूंत साधारण चारशे ग्रॅम, यकृतात शंभर. प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणीही साठतं. खाणं कमी केलं की हा साठा आधी उतरतो आणि त्याचं पाणी बाहेर पडतं. पहिल्या आठवड्यात ताईंचं सव्वा किलो उतरलं, त्यातलं बरंचसं हेच पाणी होतं. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, आणि त्यांनी तो आकडा खरा धरला. आता सगळ्यांना आधीच सांगते. व्यायाम सुरू झाला की स्नायू हा साठा पुन्हा भरून घेतात, पाण्यासकट.

तिसरं मीठ. सोळा तारखेला ताईंच्या घरी पाहुणे होते, तांबडा-पांढरा रस्सा झाला होता, सोबत पापड आणि लोणचं. रुग्णाला सलाईन लावतात ना, त्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ असतं. शरीरही साधारण तेच प्रमाण सांभाळतं. जास्तीचं मीठ पोटात गेलं की ते बाहेर पडेपर्यंत शरीर पाणी धरून ठेवतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. आपल्याकडं पाहुण्यांच्या जेवणात ते कुठल्या कुठं जातं.

आणि चौथं, ज्याबद्दल बायका स्वतःहून बोलत नाहीत. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींचं वजन किलोभर वाढतं आणि पाळी आली की उतरतं. ताईंची तारीख बावीस होती. चारही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या होत्या.

पाणी वजनाशी काय खेळ करतं, हे कोल्हापूरला खरं तर नवं नाही. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलेल्या या गावात वजनी गटासाठी काट्यावर उभे राहणारे पैलवान घरोघरी पाहिलेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात पहिल्या सकाळी वजनात बसली, आणि अंतिम लढतीच्या सकाळी फक्त शंभर ग्रॅमनं बाद झाली. तिथंच अमन सेहरावतनं साधारण दहा तासांत ४.६ किलो उतरवले आणि ५७ किलो गटात कांस्य मिळवलं. एका रात्रीत साडेचार किलो चरबी कुणाचीच जळत नाही. तो बहुतेक सगळा घाम होता. प्लॅस्टिकचं जॅकेट घालून रंकाळ्याला फेऱ्या मारणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, ते करू नका. तहान मारून उतरवलेलं वजन पहिल्या तांब्याबरोबर परत येतं, आणि उन्हाळ्यात जीवावर बेतू शकतं.

काही व्यायामशाळांत अशा वेळी धीर देतात, "ताई, चरबी जाऊन मसल वाढलाय." मला हे पटत नाही. तीन दिवसांत दीड किलो स्नायू कुणाच्याही अंगावर चढत नाही. खाणं बेतात ठेवून नव्यानं व्यायाम करणाऱ्या बाईचा स्नायू महिन्याला काहीशे ग्रॅमनं वाढला तरी ते उत्तम. खोटा धीर दिला, तर पुढं पाणी उतरल्यावर तीच बाई म्हणणार, माझा मसल गेला.

ताईंना मी एवढंच सांगितलं: व्यायाम चालू ठेवा, पहिल्या दिवशीसारखा एकदम जोर लावू नका, आणि रागानं जेवण आणखी कमी करू नका. भाकरीबरोबर डाळ, उसळ, अंडं, दही यांतलं काहीतरी रोज हवंच, कारण दुरुस्तीला माल लागतो. वजन सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही. आणि एका दिवसाचा आकडा धरायचा नाही, सात दिवसांची सरासरी काढायची. पाळी अजून येत असेल, तर या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करायची. शिवणकामाच्या टेपनं पंधरा दिवसांतून एकदा कंबर मोजायची. आपल्याकडं बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही सावधगिरीची खूण मानतात. काटा चरबीची टक्केवारीही दाखवत असेल, तर तिच्यावर फार विसंबू नका. तळपायातून सौम्य वीज सोडून केलेला तो अंदाज आहे, आणि पाणी हललं की तोही हलतो.

दोन ठिकाणी मात्र थांबायचं. पाय सुजले, धाप लागली आणि दोन-तीन दिवसांत वजन झपाट्यानं वाढलं, तर ते व्यायामावर ढकलू नका, डॉक्टरांकडे जा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तर नक्कीच. आणि जबर व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताईंनी बंद केलं नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याची सरासरी ७६.९ आली, मे अखेर ७५.६. जूनमध्ये दोन आठवडे काटा हललाच नाही, पण कंबर ९७ वरून ९३ वर आली होती. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नात त्यांना ब्लाऊजच्या टिपा उसवून घ्याव्या लागल्या होत्या. तोच ब्लाऊज त्यांनी शिंप्याकडे दिला, आणि जुन्या टिपांच्या सुईच्या खुणा जिथं दिसत होत्या, त्याच रेषेवर त्यानं पुन्हा शिवण मारली. मागच्या आठवड्यात तो ब्लाऊज घालून त्या आल्या. काट्यानं आदल्या दिवसापेक्षा आठशे ग्रॅम जास्त दाखवलं.

"काल त्र्यंबोलीची जत्रा झाली ओ आमच्यात, मटण होतं," म्हणाल्या, आकडा पानावर लिहिला आणि पेन्सिल पर्समध्ये टाकली.

नमस्कार.