ठरवून थांबणारा ससा

श्रोतेहो, नमस्कार. आज मॅरेथॉनबद्दल बोलायचंय. पण जिंकणाऱ्यांबद्दल कमी आणि मधेच थांबणाऱ्यांबद्दल जास्त.

आधी एक करा. हातातलं काम बाजूला ठेवा आणि टेबलावर बोटानं टकटक करा, सेकंदाला तीन वेळा. जगातल्या अव्वल मॅरेथॉन धावपटूच्या पावलांचा ठेका साधारण एवढा असतो, आणि तुमची एकेक टकटक म्हणजे त्याचं जवळजवळ दोन मीटरचं पाऊल. तुमचं बोट दोन मिनिटांत कुरकुरायला लागेल. त्याला हे दोन तास करायचंय. या वेगानं शंभर मीटर साधारण सव्वासतरा सेकंदांत होतात. एकदा पळायला हे फार अवघड नाही. इथे मात्र न थांबता तसेच चारशे बावीस वेळा पळायचं असतं.

हा ठेका धरतो कोण? बहुतेक वेळा जिंकणारा नाही, त्याच्या पुढे पळणारा. त्याला म्हणतात पेसमेकर. हा शब्द ऐकला की आपल्याला हृदयात बसवायचं यंत्र आठवतं, आणि काम तसं पाहिलं तर तेच आहे, ठोका चुकू द्यायचा नाही! धावण्याच्या दुनियेत त्याचं दुसरं नाव आहे ससा. आपल्या गोष्टीतला ससा झोपला म्हणून हरला. हा ससा ठरल्या जागी थांबण्याचेच पैसे घेतो.

आता बर्लिनला जाऊ. सप्टेंबरचा शेवट जवळ आलेला, हवेत गारवा, रस्ते सपाट, तीव्र वळणं कमी. विक्रमाच्या मागे लागलेल्याला याहून जास्त काय हवं? २००३ ते २०२२ या काळात पुरुषांचा मॅरेथॉनचा विश्वविक्रम आठ वेळा मोडला आणि आठही वेळा बर्लिनमध्येच. पण नुसत्या सपाट रस्त्यानं विक्रम होत नाहीत. तिथे आयोजक शर्यतीआधीच ठरवतात की पुढचा गट अर्धं अंतर किती वेळात पार करणार. ससे त्या हिशोबानं नेमले जातात. रस्त्यावर एक निळी रेघ आखलेली असते, सगळ्यांत जवळच्या वाटेची. ससा शक्यतो ती सोडत नाही. जाता जाता सांगतो, मार्ग मोजताना किलोमीटरला एक मीटर जास्तच धरतात, म्हणजे नंतर पुन्हा मोजणी झाली तर मार्ग आखूड भरू नये. विक्रमवीर त्या हिशोबानं पदरचे चाळीसेक मीटर जास्त पळतो म्हणायचं.

सशाचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. किलोमीटरला दोन मिनिटं बावन्न सेकंद ठरले असतील, तर दोन पन्नासही चालत नाही आणि दोन पंचावन्नही नाही. घाई केली तर मागच्याचा दम पस्तिसाव्या किलोमीटरला संपतो, रेंगाळला तर विक्रम हातचा जातो. शिवाय समोरचा वारा अंगावर घ्यायचा. आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं काम वेगळंच आहे. मागच्याच्या डोक्यावरचं ओझं तो उचलतो. आपण बरोबर पळतोय का, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारायचाच नाही. समोरची पाठ बघायची आणि पळायचं.

ती पाठ नाहीशी झाली की काय होतं? १६ सप्टेंबर २०१८. केनियाचा एलिउड किपचोगे बर्लिनमध्ये तीन ससे घेऊन निघाला. पंधराव्या किलोमीटरला त्यातले दोघे गळाले. उरला एकटा जोसफाट बोईट. त्यानं पंचविसाव्या किलोमीटरपर्यंत साथ दिली आणि तो बाजूला झाला. पुढचे सतरा किलोमीटर किपचोगेसमोर घड्याळ लावलेली गाडी तेवढी होती. आता वेग पडणार, असं कुणालाही वाटलं असतं. किपचोगेनं पहिलं अर्धं अंतर ६१ मिनिटं ६ सेकंदांत कापलं होतं, दुसरं कापलं ६० मिनिटं ३३ सेकंदांत. एकूण २ तास १ मिनिट ३९ सेकंद, आधीच्या विक्रमापेक्षा तब्बल ७८ सेकंद कमी. गंमत म्हणजे २०२२ मध्ये त्याच बर्लिनमध्ये त्यानं स्वतःचा विक्रम मोडला तेव्हा नेमकं उलटं घडलं. अर्धं अंतर ५९ मिनिटं ५१ सेकंदांत, म्हणजे दोन तासांच्या आतल्या वेगानं झालं, आणि मग दुसऱ्या अर्ध्यात पाय जड झाले. तरी वेळ आली २ तास १ मिनिट ९ सेकंद. या दोन शर्यतींतली मला २०१८ ची जास्त आवडते.

सशांची कमाल व्हिएन्नात झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये. किपचोगेसाठी एक्केचाळीस पेसमेकर आळीपाळीनं पळाले. त्यात ऑलिंपिक विजेतेही होते. पाच पुढे, दोन मागे, आणि समोरच्या गाडीतून रस्त्यावर लेझरच्या रेघा. वेळ आली १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद. पण विक्रम म्हणून ती नोंदली गेली नाही. ती सगळ्यांसाठी खुली शर्यत नव्हती, आणि नियमाप्रमाणे ससा पहिल्या पावलापासून शर्यतीत असावा लागतो, मधेच ताज्या दमाचा ससा आत सोडता येत नाही. मला हा नियम पटतो. पुढे २०२३ मध्ये केनियाच्याच केल्विन किपटमनं शिकागोच्या रीतसर शर्यतीत २ तास ३५ सेकंद अशी वेळ दिली. दोन तासांची भिंत तोच पाडणार असं सगळे म्हणत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोटार अपघातात तो गेला. वय अवघं चोवीस.

बायकांच्या शर्यतीत तर सशावरून मोठा वाद झाला. २००३ मध्ये लंडनला पॉला रॅडक्लिफनं २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली, पण सोबत पेसमेकर म्हणून पुरुष होते. पुढे प्रश्न आला, हा विक्रम धरायचा का? कारण बायकांचीच शर्यत असेल तर सगळ्यांत वेगवान बाईच्या पुढे पळायला ससा आणायचा कुठून? शेवटी दोन वेगळ्या याद्या झाल्या, एक मिश्र शर्यतींची आणि एक फक्त महिलांच्या शर्यतींची. इथिओपियाची टिगस्ट असेफा पूर्वी आठशे मीटर पळायची. तिनं २०२३ मध्ये बर्लिनच्या मिश्र शर्यतीत २ तास ११ मिनिटं ५३ सेकंद घेतले, आणि २०२५ मध्ये लंडनला फक्त महिलांच्या शर्यतीत २ तास १५ मिनिटं ५० सेकंद. बाई तीच, पण दोन याद्यांत जवळपास चार मिनिटांचा फरक. तो सगळाच सशांमुळे असं नाही, पण सशांचा वाटा मोठा असणारच.

बोस्टनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये ससे नसतातच. तिथे सगळे एकमेकांकडे बघत पळतात आणि कुणीतरी अचानक सुटतो. वेळ साधारण असते, शर्यत रंगतदार.

आणि ससा थांबलाच नाही तर? नियमानं त्याला कुणी अडवू शकत नाही. तोही इतरांसारखाच शर्यतीत उतरलेला धावपटू. १९९४ मध्ये लॉस एंजेलिसला पॉल पिल्किंग्टन नावाचा ससा बराच पुढे निघून गेला. मागचे निवांत होते, हा थोड्या वेळानं थांबेलच. तो थांबला नाही. त्यानं शर्यत जिंकली आणि बक्षिसाची मर्सिडीज गाडीही नेली. २००० मध्ये बर्लिनला सायमन बिवॉट या सशानंही तेच केलं.

पण माझ्या मनात कायम राहिलाय तो सॅमी कोरीर. २८ सप्टेंबर २००३, पुन्हा बर्लिन. मुख्य धावपटू होता केनियाचा पॉल टेरगट, वय चौतीस. क्रॉस कंट्रीचा पाच वेळचा जगज्जेता, पण मोठ्या दिवशी दुसरा येण्यात नाव कमावलेला. सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचं सुवर्ण त्याच्या हातून सेकंदाच्या नऊ शतांशांनी निसटलं होतं. आधीच्या पाच मॅरेथॉनमध्येही एक विजय नाही. कोरीर त्याचा ससा. तीस किलोमीटर झाले, पस्तीस झाले, कोरीर आहेच. ब्रँडेनबुर्ग गेट दिसायला लागलं तरी आहेच. साथीला बसलेल्या तबलजीनं मैफल ताब्यात घ्यावी तसा तो खांद्याला खांदा लावून पळत होता. गेटमधून बाहेर पडल्यावर शेवटची रेषा काही शे मीटरवर, आणि तिथे टेरगट कसाबसा पुढे राहिला. २ तास ४ मिनिटं ५५ सेकंद. दोन तास पाच मिनिटांच्या आत मॅरेथॉन पळणारा पहिला माणूस.

कोरीरची वेळ, २ तास ४ मिनिटं ५६ सेकंद. त्या सकाळपर्यंतचा विश्वविक्रम होता २ तास ५ मिनिटं ३८ सेकंद. सशानंही तो बेचाळीस सेकंदांनी मोडला होता.

नमस्कार.