रोजची एक चौकट: आर. के. लक्ष्मण

टाइम्स ऑफ इंडियाच्या पहिल्या पानावर व्यंगचित्राची एक छोटी चौकट असायची, आणि कित्येक घरांत लोक आधी ती बघायचे, मग हेडलाइन. १९५१ पासून पुढची पन्नासेक वर्षं ती चौकट भरायचं काम एकाच माणसाने केलं. आर. के. लक्ष्मण.

जन्म म्हैसूरचा, १९२१ चा. घरातलं शेंडेफळ, वडील हेडमास्तर, आणि मोठा भाऊ म्हणजे 'मालगुडी'च्या गोष्टी लिहिणारे लेखक आर. के. नारायण. अक्षरओळख व्हायच्या आधीपासून हा पोरगा मासिकांतली चित्रं बघत बसायचा, घरातली फरशी, भिंती, दारं काही सोडलं नाही त्याने. शाळेत मास्तरांनी पान काढायला सांगितलं, ह्याने पिंपळाचं पान काढलं, मास्तरांनी ते वर्गासमोर उचलून धरलं आणि तेव्हापासून आपण चित्रकारच व्हायचं हे डोक्यात पक्कं बसलं. पेपरात डेव्हिड लो ह्या ब्रिटिश व्यंगचित्रकाराची चित्रं यायची, ती तो जीव लावून बघायचा, फक्त सही नीट लागायची नाही म्हणून कितीतरी दिवस त्या माणसाचं नाव 'काऊ' आहे असंच समजत होता.

मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला अर्ज केला आणि नकार आला, प्रवेश देण्याइतकी गुणवत्ता चित्रांत दिसत नाही म्हणे. पुढे त्याच जे. जे. ने त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं, हा किस्सा लोक हमखास सांगतात. पण मला मधली वर्षं जास्त मोलाची वाटतात. म्हैसूरलाच बीए केलं, भावाच्या कथांना 'द हिंदू'त चित्रं काढली, 'कोरवंजी' नावाच्या कन्नड विनोदी मासिकात काढली, जिथे जागा मिळेल तिथे काढत राहिले. हात तिथे तयार झाला.

मुंबईत फ्री प्रेस जर्नलमध्ये नोकरी लागली. तिथे सोबत कोण होतं माहितीये? बाळ ठाकरे. हो, पुढे १९६० ला 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक काढणारे तेच. मालकांनी कम्युनिस्टांची टिंगल करू नका म्हणून सांगितलं आणि लक्ष्मण सरळ बाहेर पडले. तिथून टाइम्स, व्हीटी स्टेशनच्या समोरची ती बिल्डिंग, आणि मग आयुष्यभर तीच.

आता कामाचं बघा. सकाळी यायचं, पेपर वाचून काढायचे आणि मग कोऱ्या कागदासमोर बसायचं. सुचलं नाही तरी बसायचं, कारण संध्याकाळी चित्र प्रेसला जाणारच. त्यांच्या चित्रांतला तो सामान्य माणूस, कॉमन मॅन, ह्याच घाईतून आलाय बरं का. सुरुवातीला लक्ष्मण देशातली माणसं दाखवायची म्हणून चित्रात बंगाली, मद्रासी, पंजाबी अशी अख्खी गर्दी काढायचे, रोजच्या वेळेत ते काही बसेना, मग एकेक माणूस कमी होत गेला आणि शेवटी उरला हा. टक्कल, मागे पांढऱ्या केसांच्या चार बटा, चष्मा, जाड मिशी, चौकड्यांचा कोट आणि धोतर.

तो चित्रात कुठे असतो ते नीट बघा. बहुतेक वेळा कडेला. मंत्री बोलतोय, साहेब बोलतोय, बायको तर ठणकावून बोलते, हा मात्र एक शब्द बोलत नाही. भुवया जरा वर, बास. आणि तरी आपली नजर फिरून त्याच्यावरच येते, कारण ब्रशची रेघ अशी की कोटाच्या चौकड्यांतून सुद्धा खांद्याचा बाक कळतो. एक चित्र फार गाजलं, चंद्रावर पाठवायला अन्न, पाणी, निवारा काही नसलं तरी जगू शकेल असा माणूस शोधतायत, आणि सापडतो तो हाच.

१९६२ च्या चीन युद्धानंतर त्यांनी नेहरूंवर कार्टून काढलं, तर खुद्द नेहरूंचा फोन. आवडलं, सही करून मोठी प्रत पाठवाल का, फ्रेम करायचीय. लक्ष्मण स्वतः हे सांगायचे. मग १९७५ ला आणीबाणी आली, सेन्सॉर बसला आणि त्याच देशात चेष्टा करणं अवघड होऊन बसलं.

१९८४ ला मॅगसेसे, २००५ ला पद्मविभूषण, आणि हो, एशियन पेंट्सच्या जाहिरातीतला तो पोरगा, गट्टू, पण त्यांचाच. २००३ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू गेली, उजवा हात शाबूत होता, परत काढायला लागले. २६ जानेवारी २०१५ ला पुण्यात गेले. पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात कॉमन मॅनचा पुतळा आहे, अंत्यदर्शन तिथेच ठेवलं होतं, दुसरा पुतळा वरळी सी फेसला आहे.

पण त्यांची फक्त कार्टून बघून थांबू नका. ह्या माणसाला कावळ्यांचं जबरदस्त वेड, लहानपणी खिडकीतून बघत बसायचे ते आयुष्यभर. रंगवलेले, ब्रशने दोन फटक्यांत काढलेले, मान वाकडी करून बघणारे, पंख झाडणारे, असे कितीतरी कावळे काढलेत, त्यात ना मंत्री ना मथळा, नुसता कावळा, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात भारी ड्रॉइंग तिथे आहे.