पोटात ठरलेले केस

नमस्कार श्रोतेहो.

डोक्यावर केस कुठे कुठे उगवणार, हे आईच्या पोटातच ठरून गेलेलं असतं. त्वचेतल्या ज्या बारीक पिशवीतून केस उगवतो, तिला केशकूप म्हणतात. अंगभर असे सुमारे 50 लाख, त्यातले लाखभर डोक्यावर. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाच्या भुवयांपाशी आणि वरच्या ओठावर ते आधी दिसू लागतात, पाचवा महिना सरेपर्यंत बहुतेक काम आटोपतं. जन्मानंतर नवे केशकूप होत नाहीत. पुन्हा सांगतो, जन्मानंतर नवे होत नाहीत. तेव्हा जावळ खुशाल काढा, मामाच्या मांडीवर बसवून काढा, पण त्यानं केस दाट होत नाहीत. आणि तो कार्यक्रम मे महिन्यात, भर दुपारी मंडपात करायची हौस नागपूरकरांना का असते? 45 डिग्रीत लेकरू रडतं, पाहुणे कूलरसमोरची खुर्ची सोडत नाहीत.

असो. हे ठरतं कसं? त्वचेच्या खालच्या थरातून वरच्या थराला रासायनिक निरोप जातो. वरच्या पेशी जाड होऊन ठिपका बनतो. तो ठिपका उलट निरोप धाडतो, मग खालच्या पेशी त्याच्याखाली गोळा होतात. विंट नावाचा संकेत म्हणतो, इथे केस होऊ दे. बीएमपीसारखे संकेत म्हणतात, शेजारी नको. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत झाडाझाडांत अंतर राखतात, तसं हे अंतर पडतं. आणि हा ठिपका टिकवून धरायला आणखी एक संकेत लागतो, एक्टोडिस्प्लेसिन. हे नाव लक्षात ठेवा, कारण मला जी गोष्ट सांगायची आहे ती त्याचीच.

चार्ल्स डार्विन यांनी 1875 मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिगत छापली. आपल्या नागपुरातल्या जरीपटका वस्तीतल्या सिंधी मंडळींचा मूळ मुलूख तो. वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी ती डार्विनना कळवली होती. त्या घरात चार पिढ्यांत दहा पुरुष असे झाले, की दोन्ही जबडे मिळून पुढचे चारच दात, तेही बारीक नि कमजोर, आणि मागच्या आठ दाढा. अंगावर केस नावापुरते, तरुणपणीच टक्कल. उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून जीव नकोसा व्हायचा. सिंधचा उन्हाळा, श्रोतेहो! घाम नसेल तर काय होईल ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आणि गंमत पाहा, त्या घरातल्या एकाही मुलीला हे झालं नाही. पण त्याच मुलींच्या पोटी आलेल्या मुलांना मात्र व्हायचं. बापाकडून मुलाला एकदाही गेलं नाही.

डार्विनना जनुक ठाऊक नव्हतं, पण नोंद त्यांनी चोख केली. हा बिघाड एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मुलाला एक्स मिळतं ते आईकडूनच. 1996 मध्ये ते जनुक सापडलं. ते तयार करतं तेच आपलं एक्टोडिस्प्लेसिन. केस, दात, घामाच्या ग्रंथी, तिन्ही उभ्या राहायला हाच संकेत लागतो. म्हणून तिन्ही एकदम बिघडतात.

हा बिघाड असलेल्या बाळांना जन्मानंतर हे एक्टोडिस्प्लेसिन प्रथिन देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. वेळ निघून गेलेली असते. मग जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी ते आईच्या पोटातच, गर्भजलात टोचलं. त्या बाईंचा मोठा मुलगा याच विकाराचा होता आणि आता पोटात जुळे मुलगे होते. 2018 मध्ये याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या जुळ्यांना इतर मुलांसारखाच घाम येतो.