कॅप्टन राहतो एकीकडे, उडतो दुसरीकडून

(पडद्यावर: क्यू गार्डन्स, न्यूयॉर्क. संध्याकाळ. विटांच्या इमारती, फुटपाथवर चाकांच्या बॅगा ओढत चाललेले युनिफॉर्ममधले लोक.)

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला हा भाग, क्यू गार्डन्स. जेएफके आणि लाग्वार्डिया, दोन्ही विमानतळ इथून जवळ, त्यामुळे वर्षानुवर्षं इथे इतके पायलट आणि केबिन क्रू भाड्याने राहतायत की लोक याला गमतीने क्रू गार्डन्सच म्हणतात. आता राहतात म्हणजे काय, तर झोपतात. एका खोलीत चार-सहा बंक बेड, काळे पडदे कायम ओढलेले कारण कुणीतरी कधीही झोपलेलं असतंच, फ्रिजमध्ये प्रत्येकाच्या डब्यावर नावाची चिकटपट्टी, आणि बाथरूमचा नंबर लागेपर्यंत थांबायचं. याला क्रॅशपॅड म्हणतात. यातही दोन प्रकार, हॉट बंक घेतला तर जी गादी रिकामी दिसेल ती तुमची, चादर स्वतःची आणायची. कोल्ड बंकला पैसे जास्त, पण ती गादी तुम्ही महिनाभर आला नाहीत तरी तुमचीच राहते.

तीनशे माणसांचं विमान अटलांटिकपार नेणारा माणूस इथे वरच्या बंकवर झोपतो, कारण त्याचं घर, बायको, मुलं, कुत्रा सगळं फ्लोरिडात आहे.

का? घर हलवत का नाही?

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सोपा वाटतो. अमेरिकेत पायलटला कंपनी एक बेस देते, ड्युटी तिथून सुरू होते आणि तिथेच संपते. बेसपर्यंत कसं पोचायचं हे तुमचं तुम्ही बघा. बरेच जण विमानानेच पोचतात, दुसऱ्या कंपनीच्या पायलटलाही कॉकपिटमधल्या जास्तीच्या सीटवर, म्हणजे जंपसीटवर, फुकट नेण्याची तिकडे जुनी पद्धत आहे. फक्त त्या विमानाच्या कॅप्टनची परवानगी लागते आणि ती मागायला आत जाऊन हात मिळवून रीतसर विचारायचं, तो रिवाज आहे. पण जंपसीट एक किंवा दोन, तिच्यासाठी गेटवर पाच जण उभे. वजन जास्त झालं, हवा बिघडली, की पहिला खाली उतरणार तो हाच. म्हणून शहाणा माणूस दोन फ्लाइट आधीची पकडतो, आणि सकाळी सहाची ड्युटी असेल तर आदल्या दिवशीच निघतो. महिन्यात अशा चार ट्रिप धरा, घरी घालवायचे किती दिवस नुसते प्रवासात गेले ते तुम्हीच मोजा.

आता खरी गोम. तिकडे सगळं सिनिऑरिटीवर चालतं. बेस कुठला, विमान कुठलं, सुट्टी कधी, ख्रिसमसला घरी की डेन्व्हरच्या हॉटेलात, सगळं तुमच्या नंबरवर. नोकरीला लागल्याच्या तारखेने नंबर पडतो आणि कंपनी बदलली की परत तळाला, मग तुम्ही वीस वर्षांचे अनुभवी असलात तरी. जो नवा असतो तो रिझर्व्हवर, म्हणजे फोन वाजला की साधारण दोन तासांत हजर. फ्लोरिडात बसून न्यूयॉर्कला दोन तासांत हजर होता येत नाही, त्यामुळे रिझर्व्हचे दिवस क्रॅशपॅडमध्ये फोनकडे बघत काढायचे, कित्येकदा फोन येतच नाही आणि दिवस फुकट. सिनियर झाला की दुपारी सुरू होणारी आणि दुपारी संपणारी ट्रिप मागता येते, त्याच दिवशी घरून निघून त्याच दिवशी घरी. तेच अंतर, तेच शहर, पण दोघांचं आयुष्य वेगळं. म्हणून माझं तरी मत असं की हा किलोमीटरचा प्रश्नच नाही, तुमचा नंबर काय यावर सगळं आहे, आणि घरातली भांडणं मात्र किलोमीटरवरून होतात.

त्यात प्रमोशन. कॅप्टनची जागा ज्युनियर माणसाला लवकर मिळते ती न्यूयॉर्कसारख्या बेसला, कारण तिथे राहणं महाग, कुणाला नको असतं. म्हणजे घराजवळ सिनियर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून मजेत राहायचं, की कॅप्टनच्या चार पट्ट्या घेऊन परत रिझर्व्हला बसायचं. पगार वाढतो, मुलाच्या मॅचेस जातात. बायकोला विचारलं तर एक उत्तर, बँकेला विचारलं तर दुसरं.

टॅक्सचीही भानगड आहे. अनेक राज्यांत काम करणाऱ्या पायलटचा राज्याचा आयकर सहसा तो राहतो त्या राज्याचा लागतो, असा केंद्रीय कायदाच आहे. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. मग न्यूयॉर्कला जाऊन राहायचं कशाला?

आणि समजा हलवलं घर. बेस राहील याची खात्री कोण देणार? सेंट लुईस हे टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं मोठं हब, म्हणजे मुख्य केंद्र, अमेरिकन एअरलाइन्सने २००१ मध्ये कंपनी घेतली आणि २००३ मध्ये तिथली उड्डाणं निम्म्यावर आणली. मेम्फिस नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं हब होतं, ती कंपनी डेल्टामध्ये गेली आणि २०१३ मध्ये हब बंद. शाळा बघून, कर्ज काढून, शेजारी जोडून बसलेल्या माणसाला एक दिवस मेल येतो की तुमचा बेस आता दुसऱ्या शहरात. म्हणून जुने लोक नव्यांना सांगतात, गेलास तरी पहिलं वर्ष भाड्याने राहा.

(पडद्यावर: बर्फ, रात्र, बफेलोजवळचं क्लॅरेन्स सेंटर.)

१२ फेब्रुवारी २००९. नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोलगन एअरचं विमान, फ्लाइट ३४०७, उतरता उतरता एका घरावर कोसळलं. विमानातले सगळे ४९ आणि घरातला एक, ५० जण गेले.

फर्स्ट ऑफिसर सिअॅटलजवळ राहायची, बेस नेवार्क, म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आदल्या रात्री ती कार्गो विमानाने आधी मेम्फिस आणि तिथून दुसऱ्या कार्गो विमानाने सकाळी नेवार्कला पोचली. बरं नव्हतं तिला, सर्दी झाली होती. कॅप्टन फ्लोरिडातल्या टँपाकडचा, तो रात्री क्रू रूममध्येच होता, पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी त्याने तिथल्या कॉम्प्युटरवर लॉग इन केल्याची नोंद सापडली. रात्रभर झोपायला क्रू रूम वापरायची नाही असा कंपनीचा नियम होता. विमान निघालं रात्री सव्वानऊनंतर.

चौकशीत मुख्य कारण निघालं ते वेगळं, वेग कमी झाल्याची वॉर्निंग आल्यावर कॅप्टनने जे करायला हवं त्याच्या उलट केलं. थकव्याबद्दल चौकशी करणाऱ्यांनी जपून लिहिलं, दोघांच्या कामावर परिणाम झाला असावा पण किती ते ठरवता येत नाही. इथे घाईने निकाल देऊ नये असं मलाही वाटतं. पण त्याच अहवालात एक आकडा आहे. नेवार्क बेसच्या १३७ पायलटपैकी ९३ जण बाहेरगावाहून येणारे, आणि त्यातले २९ जण एक हजार मैलांहून लांब राहणारे.

त्यानंतर कायदे बदलले. एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर व्हायला साधारण १,५०० तास विमान उडवल्याची अट आली, ४ जानेवारी २०१४ पासून प्रवासी विमानांच्या पायलटना ड्युटीआधी किमान १० तासांची विश्रांती. आणि कम्युटिंग, म्हणजे घर ते बेस ये-जा? त्याच्यावर समिती बसली, २०११ मध्ये अहवाल आला, सरसकट अंतराची मर्यादा घालण्याइतका पुरावा नाही म्हणाले. म्हणजे घर ते बेस हा प्रवास आजही ड्युटीत धरत नाहीत. दमलेला असशील तर तू सांग, जबाबदारी तुझी.

(पडद्यावर: मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, पाऊस, खंडाळ्याचा घाट.)

आपल्याकडे क्रॅशपॅडची एवढी मोठी दुनिया नाही, पण प्रश्न तोच आहे. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली. मुंबईची कंपनी, त्यामुळे तिच्या कितीतरी लोकांची घरं, होम लोन, सासर-माहेर सगळं ठाणे, पवई, अंधेरीत. नोकऱ्या निघाल्या त्या जिथे निघाल्या तिथे. विस्तारा या विमान कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा पण एअर इंडियात विलीन.

समजा अशा एका पायलटच्या घरात मोठी मुलगी नववीत आहे. बायकोचं डोंबिवलीत क्लिनिक, पेशंट दहा वर्षांचे जोडलेले. आई-वडील खालच्या मजल्यावर. दिल्ली बेस मिळाला. मुलीला आता हलवायचं म्हणजे बोर्ड बदल, आणि दहावी झाल्यावर हलवायचं म्हणजे दोन वर्षं बाप दिल्लीला. आपल्याकडे अशा वेळी ठरतं ते जवळजवळ नेहमी एकच, "दहावी होऊ दे". मग बारावी होऊ दे. मग राहतंच.

डीजीसीएने, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाने, नवीन नियमांत पायलटची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, चांगलंच झालं. पण दिल्लीत ड्युटी संपल्यावर त्या ४८ तासांत मुंबईची फ्लाइट, टॅक्सी, परत येताना तेच, आणि मधे मुलीचं गणित, गॅसवाला, सोसायटीची मीटिंग. कागदावर विश्रांती पूर्ण. बायको म्हणते हा घरी आला की झोपतो, तो म्हणतो घरी येऊन झोपतो तेवढीच झोप.

पुण्यात घर आणि मुंबई बेस, ही आपली खास जोडी. एक्सप्रेसवे ९४ किलोमीटरचा, पण जुलैत घाटात कंटेनर उलटला की किलोमीटरला काही अर्थ उरत नाही, म्हणून पहाटेच्या ड्युटीला आदल्या रात्रीच निघायचं, नातेवाइकांकडे नाहीतर मित्राच्या सोफ्यावर. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि पुण्याकडच्यांची पनवेलकडे नजर गेली, चेंबूरपर्यंत जायचं वाचेल. पण त्यासाठी ड्युटी नवी मुंबईहून पडायला हवी. ती सांताक्रूझहून पडली तर पनवेलचं घरही लांबच.